ठोकळ्याचं क्युरिंग

४ मे, संध्याकाळ

आज ट्रॅक्टरने मान खाली घातली. म्हणजे झालं असं. आमची ही गवताचा मोठा गोल गठ्ठा लोडरवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढच्या उचलणीवर उचलून शेडमधल्या वरच्या थरावर ठेवत होती. गठ्ठा ओलसर, त्यामुळे जड. तो वर गेला आणि ट्रॅक्टरची मागची दोन्ही चाकं जमिनीवरून उठली. वीतभर तरी. हिने लगेच गठ्ठा खाली घेतला, चाकं टेकली. मी फाटक धरून उभा होतो. मी किंचाळलो असं हिचं म्हणणं. मी सूचना दिली होती.

त्यानंतर हिने उरलेले गठ्ठे शांतपणे लावले. मी आत जाऊन पाणी प्यायलो. मग आणखी दोन ग्लास प्यायलो, कारण जेवण उशिरा झालं होतं.

निदान सोपं आहे. पुढे ओझं, मागे काहीच नाही. मागे वजन हवं. अवजार अडकवायला ट्रॅक्टरच्या मागे दोन लोखंडी हात असतात, त्यांना टांगायचा काँक्रीटचा भरभक्कम ठोकळा. तो मी स्वतः करणार. निश्चय झाला.

५ मे

हिचं म्हणणं, तिच्या भावाच्या गॅरेजात असलंच एक लोखंडी वजन पडून आहे, फोन केला तर आणून टाकेल. मी नाही म्हणालो. मेहुण्याची वस्तू घरात आली की तिच्याबरोबर मेहुण्याचं बोलणंही येतं. शिवाय उभी नोकरी बांधकाम खात्यात काढलेला माणूस घरात असताना लोखंड उसनं का आणायचं? मी रेकॉर्ड शाखेत होतो हे खरं. पण काँक्रीटच्या इतक्या फायली हाताखालून गेल्यात की त्यातलं थोडं अंगात उतरणारच.

गोठा, गाई, शेत, ट्रॅक्टर हे हिचं खातं. मी निवृत्त होऊन इथे आल्यापासून देखरेख माझ्याकडे आहे. तसं कोणी ठरवलेलं नाही, आपोआप झालं. त्या अधिकारात आज हुकूम काढला: ठोकळा तयार होईपर्यंत हिने लोडरला हात लावायचा नाही. ही बरं म्हणाली. जरा वेळाने ट्रॅक्टर सुरू झाला. खिडकीतून पाहिलं तर ओझं अगदी जमिनीलगत धरून नेत होती. म्हणजे हुकमाचा आशय पोचला आहे.

७ मे

डिझाइन पूर्ण. एक लाकडी पेटी, तिच्यात आडवा जाड लोखंडी दांडा, दांड्याची दोन टोकं पेटीच्या दोन बाजूंनी बाहेर. पेटीत काँक्रीट ओतायचं. वाळलं की फळ्या काढायच्या, बाहेरच्या टोकांवर ट्रॅक्टरचे हात चढवायचे, पिना घालायच्या. कोणालाही सुचलं असतं, पण सुचलं मला.

संध्याकाळी मेहुणा आला. चित्र आडवं-उभं धरून पाहिलं आणि म्हणाला, दाजी, तयार मिळतं हो हे. मी म्हटलं, माणूसही तयार मिळतो, तरी आईबाप वाढवतात. त्याने चित्र परत दिलं. म्हणजे पटलं.

९ मे

पेटी झाली. पाहुण्यांच्या खोलीतल्या पलंगाच्या फळ्या वापरल्या. पाहुणे वर्षातून एकदा येतात, ट्रॅक्टर रोज लागतो. हिने रिकामा पलंग पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि गादी जमिनीवर घातली. पाठिंबा असावा.

११ मे

दांडा आखूड पडला. दुकानदाराने मी सांगितलं तेवढाच कापून दिला, त्यामुळे चूक नेमकी कोणाची हे सांगणं अवघड. पेटीचं माप आतून घेतलं होतं, फळ्यांची जाडी राहिली. टोकं बाहेर येतच नाहीत, आतल्या आत संपतात.

दुसरा कोणी असता तर पुन्हा दुकानात गेला असता. मी तासभर पेटीशेजारी बसून राहिलो आणि उपाय सापडला. दांडा बाहेर येत नसेल तर हातांनी आत जावं. पेटीच्या दोन्ही बाजूंना खाचा पाडायच्या, ट्रॅक्टर मागे आणून त्याचे दोन्ही हात खाचांतून आत घ्यायचे, दांड्याच्या टोकांवर चढवायचे, पिना लावायच्या आणि मगच काँक्रीट ओतायचं. माप चुकायचा प्रश्नच उरला नाही, कारण मापच आत उभं केलं. हातांना आणि टोकांना भरपूर ग्रीस चोपडायचं. उद्या काँक्रीट धरलं की लोण्यातून सुरी निघावी तसे हात बाहेर येतील.

एवढी साधी गोष्ट कारखान्यांना कशी सुचली नाही, याचं नवल वाटतं.

१२ मे, दुपार

ओतलं. ही सकाळीच दूध संघाच्या बैठकीला गेली होती, ते बरं झालं. कामात बायकोने डोकावलं की माणूस स्वतःला समजावून सांगण्यातच दमतो. मिक्सर शेजाऱ्याचा आणला. त्याला सगळे रेडिओ म्हणतात, कारण बंद होत नाही. मिक्सर फाटकात उतरवता उतरवता त्याने मला चार घरांच्या बातम्या दिल्या. माझी बातमी पाचव्या घरी देणार हे उघड आहे. देऊ दे.

सिमेंट नेहमीपेक्षा जास्त घातलं. खडी, वाळू, सळयांचा पिंजरा. पेटी काठोकाठ भरली. वर थापी फिरवून गुळगुळीत केलं आणि ओल्या काँक्रीटवर काडीने आजची तारीख कोरली. नाव कोरणार होतो, पण तो उथळपणा झाला असता.

पाठ मोडली आहे. समाधान आहे.

१३ मे, सकाळ

फळ्या काढल्या. ठोकळा देखणा. कडा सरळ, कुठे भोक नाही. ट्रॅक्टरवर बसलो, पुढे घेतला. ठोकळाही पुढे आला. उतरलो. हात हलवून पाहिले. हलले नाहीत. ग्रीस कमी पडलं की काय, असं वाटलं.

१३ मे, अर्ध्या तासाने

पिना.

पिना आत आहेत. हात दांड्यावरून सुटू नयेत म्हणून असतात त्या पिना. मी स्वतः लावल्या, नीट दाबून लावल्या आणि वरून काँक्रीट ओतलं. आता हात काढायचे तर आधी पिना काढायला हव्यात, आणि पिना काढायच्या तर ठोकळा फोडायला हवा.

घाबरण्यासारखं काहीच नाही.

१३ मे, दुपार

काँक्रीट अठ्ठावीस दिवस ओलं ठेवावं लागतं. याला क्युरिंग म्हणतात, हे खात्यातल्या शिपायालाही माहीत असतं. तेवढे दिवस त्याला धक्का लागता कामा नये. ही माझी पळवाट नाही, शास्त्र आहे. ठोकळ्यावर आणि ट्रॅक्टरच्या दोन्ही हातांवर ओली पोती नीट गुंडाळली. हातांवर का, असं कोणी विचारलं तर उत्तर तयार ठेवलं आहे: तापमानाचा तोल. ही गोठ्यातून आल्यावर सांगितलं, पोत्यांना कोणी हात लावायचा नाही. पाणी घालायचं असेल तर वरून घालायचं.

१४ मे

हिने सकाळीच विषय काढला. गवत कापायला आलंय, आठवडाभर आभाळ मोकळं आहे, ट्रॅक्टरमागे कापणीचं यंत्र जोडायला हवं, तेव्हा ठोकळा उतरवून ठेवा. मी क्युरिंग समजावून सांगितलं. ही पोत्यांकडे जरा जास्त वेळ पाहत राहिली. मग बरं म्हणाली, चपला घातल्या आणि रेडिओच्या घरी गेली.

ठरलं असं: ट्रॅक्टर त्याचा, चालवणार ही, आधी आमचं शेत कापायचं आणि नंतर त्याच्या मोठ्या शेतातली कापणी हिने करून द्यायची. मला हे पटलेलं नाही. पण विरोध केला असता तर पर्याय सुचवावा लागला असता.

१६ मे

ही शेतात असताना छिन्नी-हातोडा घेतला. दुपारभर ठोकून नखाएवढी कपची निघाली. अंगठा सुजला आहे. हिला सांगितलं, दारात सापडला. हिने औषध लावलं आणि कुठल्या दारात ते विचारलं नाही. विचारण्यासारखं होतं, कारण आमची दारं उघडीच असतात.

पण एक मान्य करायला हवं. काँक्रीट उत्तम झालंय.

१७ मे

नवा विचार. ठोकळा वर उचलायचा आणि एकदम सोडायचा, आतून तडा जाईल. ही बाहेर पडल्यावर ट्रॅक्टर सुरू केला. ठोकळा झक्क वर आला. सोडला. आवाज मोठा झाला, दोन गाई बुजल्या. अंगणातल्या तीन फरश्या फुटल्या. ठोकळ्याला ओरखडाही नाही. फुटलेल्या फरश्यांवर कुंड्या ठेवल्या. अंगणाला शोभा आली.

पाण्याची बादली भरून ठेवली होती, ती संध्याकाळी रिकामी दिसली. पोती ओली होती. म्हणजे ही पाणी घालते आहे. क्युरिंगवर हिचा विश्वास बसला आहे. बरं वाटलं. मग बरं वाटेनासं झालं.

१९ मे

अडकून बसलो होतो, कारण प्रश्नच चुकीचा विचारत होतो. ठोकळा निघत नाही हा दोष आहे, असं कोणी सांगितलं? ज्या वजनाने माणसाचा जीव वाचतो ते काढायचंच कशाला? कायमस्वरूपी वजन, ही कल्पना पुढच्या काळातली आहे. मागे इतर अवजारं जोडता येत नाहीत ही लहानशी अडचण राहते. तिच्यावर विचार चालू आहे.

२० मे

मेहुणा आला. ठोकळा बघायचाय म्हणाला. मी आडवा उभा राहिलो. क्युरिंग सांगितलं, तापमानाचा तोल सांगितला. त्याने ऐकून घेतलं आणि चहाचा कप घेऊन सरळ पोत्यांवरच बसला. त्याचा पाय ट्रॅक्टरच्या डाव्या हातावरच्या पोत्याला लागत होता, पोतं सरकत होतं. तेवढ्यात ही म्हणाली, उठ रे, ओलं आहे ते, पँट खराब होईल. तो उठला. हिने जाता जाता पोतं नीट केलं.

मेहुणा जाताना म्हणाला, माझं लोखंडी वजन आणून टाकू का? हीच घाईने नको म्हणाली. गरज नाही, ह्यांचा ठोकळा होतोय. छाती फुगली. दोघांनाही चांगलं गुंडाळलं असं वाटलं. तरी जेवण गेलं नाही.

२२ मे

गवत कापून झालं, वाळलं, गठ्ठे बांधून झाले. सगळं रेडिओच्या ट्रॅक्टरवर. परवा पावसाचा अंदाज आहे, म्हणून गठ्ठे उद्यापासून शेडमध्ये रचायचे. रेडिओच्या ट्रॅक्टरला लोडर आहे. मागे वजन आहे का, असं मी विचारलं. तो म्हणाला, वजन कशाला लागतं, आजवर कधी पडलो नाही. त्यानंतर त्याने न पडण्याच्या तीन गोष्टी सांगितल्या.

हिला म्हटलं, ओझं खाली धर. ही म्हणाली, वरचा थर वरच असतो.

झोप नीट लागली नाही. उकडत होतं.

२३ मे, संध्याकाळ

आज लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. इथे दुसरं कोणी वाचत नाही.

मी स्वयंपाकघरात होतो. खिडकीतून शेड दिसतं. ही रेडिओच्या ट्रॅक्टरवर, गठ्ठा वर, आणि मागचं चाक उठलं. या वेळी एकच, म्हणजे ट्रॅक्टर कुशीवर कलत होता. मला एवढंच आठवतं की मी धावत होतो. पायात चप्पल नव्हती. मी ट्रॅक्टरच्या मागच्या दोन हातांना लोंबकळलो, पाय वर घेऊन, होतं नव्हतं ते सगळं वजन टाकून.

चाक टेकलं. इंजिन बंद झालं. ही वळून म्हणाली, "तुम्ही मागे काय करताय?"

"वजन," मी म्हणालो.

"मी गठ्ठा खाली घेतलाच होता. तुम्ही पोचायच्या आधी."

मी हात सोडले नाहीत. ही उतरली, मागे आली, माझी बोटं एक एक करून सोडवली. तेव्हा मी सांगून टाकलं की पिना आत राहिल्यात, ठोकळा निघत नाही, क्युरिंग वगैरे काही नाही.

"माहीत आहे," ही म्हणाली. "पहिल्याच संध्याकाळी पाणी घालायला पोतं उचललं तेव्हा दिसलं."

मग बोलली का नाहीस, असं मी विचारलं. आवाज चढवूनच विचारला, कारण तो खाली ठेवला असता तर फुटला असता. म्हटलं, भावाचं लोखंडी वजन तरी आणायचं होतंस, या ट्रॅक्टरला लावायचं होतंस.

"आणलं असतं तर त्याने विचारलं असतं, दाजींच्या ठोकळ्याचं काय झालं. मग मी काय सांगणार होते? तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

म्हणजे माझी लाज राखायला ही बिनवजनाच्या ट्रॅक्टरवर चढत होती. जे टाळायला मी ठोकळा केला, तेच त्या ठोकळ्यापायी पुन्हा झालं. मी हे मान्य करतो. फक्त इथे. नाही, तिथेही केलं. मी हिला सांगितलं की चार तारखेला मी किंचाळलो होतो, सूचना दिली नव्हती. आणि त्या दिवसापासून ट्रॅक्टर सुरू झाला की मला धड श्वास घेता येत नाही. हिने मला खाली बसवलं. माझ्या तळपायात खडा रुतला होता, तो काढून दिला.

मग हिने अंगणात जाऊन पोती ओढून काढली आणि आपला ट्रॅक्टर सुरू केला, ठोकळ्यासकट. उरलेले गठ्ठे त्यावर नेले. वरच्या थरापर्यंत.

मी मागे उभा राहून पाहत होतो. चाकं उठली नाहीत. एकदाही नाही.

२४ मे

पाऊस आला. गवत शेडमध्ये कोरडं. काल संध्याकाळी जरा भावनेच्या भरात लिहिलं गेलं. शांत डोक्याने पाहता वस्तुस्थिती अशी: ठोकळा यशस्वी. वजन बरोबर, मजबुती बरोबर, काम बरोबर. अडचण फक्त सोडवणुकीची आहे, आणि ती अंमलबजावणीत येते, डिझाइनमध्ये नाही. हिला म्हटलं, ठोकळा राहू दे कायमचा, आणि कापणीच्या यंत्रासाठी दुसरा ट्रॅक्टर बघू. ही भाजी चिरत होती. चिरणं थांबवलं नाही. याचा अर्थ काहीही होऊ शकतो.

२६ मे

रेडिओ येऊन गेला. त्याच्या शेताचं काय, असं विचारत होता. त्याच्या ट्रॅक्टरचा क्लच गेलाय. आमच्या कापणीत गेला असं मी म्हणत नाही, असं तो तीनदा म्हणाला. हिने शब्द दिलाय, तेव्हा आपल्या ट्रॅक्टरने त्याचं शेत कापायला हवं, आणि त्यासाठी मागचे हात मोकळे हवेत. मी बराच वेळ युक्तिवाद केला. शेवटी ही म्हणाली, उद्या काँक्रीट फोडणारा ब्रेकरवाला येतोय, भावालाही बोलावलंय.

मी हजर राहणार नाही. हा निश्चय.

२७ मे, संध्याकाळ

हजर राहिलो. कोणीतरी देखरेखीला हवं.

ब्रेकरवाल्याला वाटलं होतं, तासाभराचं काम. दुपारपर्यंत त्याची एक छिन्नी मोडली. त्याने मशीन बंद केलं, घाम पुसला आणि म्हणाला, असलं काँक्रीट मी पुलाच्या कामावरही फोडलं नाही, कोणी केलंय हे? मी पुढे झालो, पण माझ्या आधी हीच म्हणाली, "आमच्या ह्यांनी." त्या स्वरात अभिमान होता. मेहुण्याचं म्हणणं, नव्हता. मेहुणा लांब उभा होता.

चहाच्या वेळेला हात मोकळे झाले. वाकलेले नाहीत. पिनांवरचं ग्रीस जसंच्या तसं होतं. सगळ्यांना दाखवलं. ग्रीसची शिफारस करायला हरकत नाही.

मेहुण्याने लोखंडी वजन गाडीतून उतरवलं. मी त्यातले दोष शोधायला लागलो. एक सापडला, रंग उडालाय. हिने ट्रॅक्टर मागे घेतला, हात जुळवले, पिना घातल्या. मी अजून चष्मा पुसत होतो, तेवढ्यात झालं. मग पुढे सगळ्यात जड गठ्ठा घेतला आणि लोडर पूर्ण वर नेला, मुद्दाम, आणि तसाच धरून ठेवला. मी मागच्या चाकापाशी बसून चाक आणि जमीन यांच्यामध्ये बघत होतो. उजेड दिसला नाही. बोट घालून पाहिलं, बोट गेलं नाही. दुसऱ्या बाजूला जाऊन पाहिलं. तिथेही नाही. पुन्हा पहिल्या बाजूला आलो.

मेहुणा म्हणाला, दाजी, झालं समाधान? मी पुन्हा बोट घालून पाहिलं.

हिने वरून वाकून पाहिलं. मी चाकाला धरूनच बसलो होतो. म्हणाली, "आता बाजूला व्हा. मला ट्रॅक्टर मागे घ्यायचाय."

झालो. पण सावकाश झालो.